हरभऱ्याला जागली

आम्रपालीला ज्याने त्याने एकच प्रश्न विचारला, तुला प्रेरणा कुठून मिळाली? शाळेत आलेल्या पाहुण्यांनी विचारला, वर्तमानपत्राच्या माणसाने विचारला. आमच्या मुख्याध्यापकांनी तर अधूनमधून परत परत विचारला, जणू मधल्या काळात ती प्रेरणा बदलली असेल. विचारताना सगळ्यांचे चेहरे कसे गोड व्हायचे. ती मात्र दर वेळी खरं तेच सांगायची आणि दर वेळी त्यांचा हिरमोड करायची.

"प्रेरणा कायची जी? पोरी घटल्या का बस घटते. बस बंद झाली का माही शाळा बंद. म्हणून पोरी जमा कराव लागते."

दुसऱ्या दिवशी छापून आलं की थोरामोठ्यांच्या विचारांतून या कन्येला सेवेची प्रेरणा लाभली. तिने ते कात्रण वर्गात मला आणून दाखवलं. "मॅडम, हे मी कवा म्हटलं?" मी म्हटलं, तू नाही म्हटलंस, त्यांनी म्हटलं. तिने मान डोलावली आणि मधल्या सुट्टीत त्याच कागदावर चिंचा आणि मीठ घेऊन बसली.

मी सेलूच्या एका शाळेत इतिहास शिकवते आणि राहते हिंगणीत. येणं-जाणं बसने. हीच बस हिंगणीच्या पुढे बोर धरणाच्या बाजूला जाते आणि वाटेत एका फाट्यावर थांबते. फाट्यापासून आत कोसभर चालत गेलं की आम्रपालीचं गाव. गावाचं नाव मी मुद्दाम घेत नाही. घेतलं तर तिथल्या बाप्यांना वाईट वाटेल. वाटायलाच हवं खरं तर, पण ते काम या लेखाने करू नये.

तिला सगळे आमू म्हणत. वाळकी, सावळी, हिवाळाभर नाक वाहणारी, मोठ्या भावाचा स्वेटर घालून बाह्या दुमडत बसणारी पोरगी. वडील गवंडीकामाला जात, आई रोजीने. आवाज घोगरा आणि जीभ तिखट. गणितात कच्ची, म्हणजे अगदीच कच्ची. कुणाच्या डब्यात वांग्याची भाजी आहे हे तिला झाकण उघडायच्या आधी कळायचं आणि उघडल्यावर त्यातली निम्मी तिच्या पोटात गेलेली असायची. मायाळू वगैरे ती अजिबात नव्हती. एखादी मुलगी दोन दिवस आली नाही की ही तिच्या दारात जाऊन उभी. "काय वं, मेली का जित्ती आहेस?" हे तिचं विचारपूस करणं.

पण दारात ती जायची, हे खरं. मी पुष्कळ समाजसेवक पाहिलेत. फोटो काढणारा सोबत असला की ते दारात जातात.

फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता वाईट आहे. एका अंगाला शेतं, दुसऱ्या अंगाला जंगल. अस्वल तर नेहमीचंच, रानडुकरं खंडीभर आणि अधूनमधून वाघाच्या पावलांचे ठसे. सकाळी उजेड असतो, त्यामुळे सकाळचं काही वाटत नाही. संध्याकाळची बस वेळेवर आली तर मुली उजेडी घरी पोचतात. ती कधी उशिरा येते, कधी येतच नाही. मग आमूने रीत बसवली होती. लहान मुली मध्ये, थोराड पुढे आणि मागे, आणि सगळ्यांनी मोठ्याने बोलत चालायचं. अस्वल आवाजाला बिचकतं, हे तिकडचं शेंबडं पोरही जाणतं. प्रश्न होता, बोलायचं काय?

"गाणे काऊन म्हणाव?" आमू म्हणाली. "उद्या मॅडम जे विचारणार आहे थेच वरडू."

तेव्हापासून त्या मुली जंगलाच्या कडेने अठराशे सत्तावनच्या उठावाची कारणं ओरडत घरी जायच्या. आमू प्रश्न विचारायची, सगळ्या मिळून उत्तर द्यायच्या. त्याची सवय इतकी लागली की वर्गात मी त्यांच्यातल्या एखादीला उठवलं की ती गावच्या शिवारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात राजकीय कारणं सांगू लागायची. त्या गावच्या मुली इतिहासात कधी नापास झाल्या नाहीत. त्याचं श्रेय मी घेत नाही, अस्वलाला देते.

हे सांगितलं की लोक पोट धरून हसतात. हसा बापडे. पण पोरींनी वन्य प्राण्यांना इतिहास शिकवत घरी का जावं, असं हसता हसता एकानेही मला विचारलेलं नाही. हसून झाल्यावर सगळे म्हणतात, "किती हुशार पोरगी!" माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

डेपोत ती एकदा स्वतः गेली होती. मी बरोबर होते. तिथल्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि सांगितलं की त्या मार्गावर प्रवासी नाहीत.

"आमी काय आहोत मंग?" आमू म्हणाली.

"तुम्ही पासवाल्या."

"पासवाल्याइले पाय नसतेत का जी? आमी बी बसूनच जातो ना, का लटकून जातो?"

साहेब म्हणाले, मुलींची संख्या टिकली तर फेरी टिकेल, नाहीतर वरून बंद होईल. माणूस वाईट नव्हता. चहाही मागवला त्याने. पण आपण किती सहज एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर एक अख्खी बस ठेवली, हे त्याच्या गावीही नव्हतं. आमूने मात्र ते वाक्य पदरात बांधून घेतलं. त्या दिवसापासून शाळा सोडणारी प्रत्येक मुलगी म्हणजे तिला आपल्या बसचं निघालेलं चाक वाटू लागली.

पायल ही त्यातली एक. नववीतली, कमी बोलणारी, अक्षर सुरेख. कापूस फुटला की ती शाळेतून गायब व्हायची, कारण घरी वेचायला हात कमी. तिच्या बापाला सगळे गुलाबकाका म्हणतात. हट्टी माणूस, पण हिशेबी. आमूने त्याच्याशी वाद घातला नाही. रविवारी सगळ्या मुलींना घेऊन ती सरळ त्याच्या वावरात उतरली. पोरींनी कापूस भरायला कमरेला ओटे बांधले आणि दिवस मावळेपर्यंत पाती धरून वेचलं. गुलाबकाका बांधावर बसून पाहत राहिला. संध्याकाळी आमू त्याच्यापुढे उभी राहिली.

"काका, तुमचा कापूस घरात आला. आता पायल शाळेत येईन."

"येईन," तो म्हणाला. "पण आयक. दिवस बुडाल्यावर एकडाव जरी घरी आली, तं त्या दिवसापासून बंद. माह्या पोरीले काई झालं तं मी कोणाले विचारू?"

आमूने हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? बस वेळेवर येणं तिच्या हातात नव्हतं, पण वचन तिला द्यावं लागलं. पायल शाळेत येऊ लागली. पुढचे काही आठवडे संध्याकाळी बस दिसेपर्यंत आमू थांब्यावर एका पायावर उभी असायची. नखं खायची आणि पोरींवर खेकसायची.

अशात तिचा सत्कार ठरला.

मुख्याध्यापकांनी तिचं नाव पाठवलं होतं. विद्यार्थिनींना शाळेत टिकवून सुखरूप घरी पोचवणारी कन्या, असं काहीतरी. जिल्ह्याच्या गावी मोठ्या मैदानावर कार्यक्रम, मोठे पाहुणे, मंडप. आमूबरोबर जायला मला सांगितलं. आमू आदल्या दिवशी पायलला बजावताना मी ऐकलं होतं, "मी नाई आहे उद्या. बस आली का पयले तू चढजो अन् लहान्याइले पुढं घेजो. उशीर नोको करू."

कार्यक्रम दुपारचा होता तो सुरू व्हायलाच चार वाजले, कारण पाहुणे यायचे होते. आम्हाला मंचाच्या बाजूला खुर्च्या दिल्या होत्या. आमू भावाचा स्वेटर न घालता आली होती, तेवढंच काय ते नटणं. बसून कंटाळली म्हणून ती मंडपाच्या कनातीतून बाहेर डोकावली. आणि तशीच राहिली.

"मॅडम," ती म्हणाली, "थे पाहा."

मैदानाच्या कडेला बसेस ओळीने उभ्या होत्या. कार्यक्रमाला गर्दी हवी म्हणून गावोगावची माणसं भरून आणली होती. कारंज्याच्या पाटीची बस होती, गिरडच्या पाटीची होती. आणि त्यांच्यात आमची होती. पाटी तीच, मागची फुटलेली काच तीच, आणि सावलीत बसून तंबाखू मळणारे ड्रायव्हरही आमचेच. आमू धावत गेली. मीही गेले.

"काका, तुमी इथं कसे? पोरीइले कोन नेईन?"

ड्रायव्हर ओशाळला. "मले काय विचारतं बाई. आज गाडी इकडं लावली. सुटी होईस्तोवर हालू नोको म्हणते. तुहाच सत्कार आहे ना इथं?"

तिच्याच सत्काराला गर्दी आणायला तिचीच बस लावली होती. मुलींना सुखरूप घरी पोचवते म्हणून शाल द्यायची, आणि त्या शालीसाठी मुलींना सेलूच्या थांब्यावर ताटकळत ठेवायचं. हे कुणी दुष्टपणाने केलं असतं तर मला एक वेळ समजलं असतं. पण कुणाला काही वाटलंच नव्हतं. एकाने गर्दीची सोय केली, दुसऱ्याने बसची, तिसऱ्याने शालीची आणि तिघेही आपापल्या परीने समाधानी होते. मी दोन कार्यकर्त्यांना गाठून सांगून पाहिलं. एकाने "बघतो मॅडम" म्हटलं आणि दुसऱ्याने मला पाण्याची बाटली दिली.

तेवढ्यात माइकवरून आमूचं नाव पुकारलं गेलं. ती मंचावर गेली. पाहुण्यांनी शाल उघडली तशी ती मागे सरकली आणि सरळ माइकपाशी गेली. घोगऱ्या आवाजाला माइक मिळाल्यावर मंडप दणाणला.

"भाहेर आमची बस उभी आहे. माह्या गावच्या पोरी सेलूले बसून आहेत. त्याइले अंधार होईन. पयले बस सोडा, मंग शाल घाला."

 टाळ्या पडल्या. साध्यासुध्या नाही, कडाडून. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पाहुणे हसून म्हणाले, "पाहा, याला म्हणतात धडाडी! अशाच मुली उद्याचा देश घडवतील." आणि त्यांनी तिच्या खांद्यावर शाल टाकली, हातात सन्मानचिन्ह दिलं, फोटोवाल्याकडे तोंड केलं.

ती मंचावरून हलेना. शाल पांघरून ती मंडपाच्या दाराकडे पाहत होती, बस सोडायला कोण उठतंय ते. कुणी उठलं नाही. सूत्रसंचालिकेने तिला हळूच दंडाला धरून खाली आणलं. माझ्याजवळ येऊन तिने विचारलं, "मॅडम, टाळ्या काऊन वाजवल्या?"

मी तिला घेऊन रस्त्याकडे निघाले.  काही टाळ्या न ऐकण्यासाठीच वाजवल्या जातात, असं फार तर मी आता म्हणेन.

आम्ही एका काळीपिवळीत कोंबून सेलूला पोचलो. मुली थांब्यावर होत्या. पायल लहानग्यांना पुढ्यात घेऊन बसली होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. एक मालवाहू टेम्पो धरणाकडे चालला होता, त्याच्या ड्रायव्हरच्या हातापाया पडून सगळ्या चढलो. फाट्यावर उतरलो तेव्हा दिवस बुडाला होता. मी हिंगणीला उतरले नाही, त्यांच्याबरोबर गावापर्यंत चालत गेले. आमूने प्रश्न विचारले, मुलींनी उत्तरं ओरडली. पायल एकदाही ओरडली नाही.

गुलाबकाका आपल्या दारात उभा होता. फाट्यावर नाही, वाटेवर नाही, दारात. तो कुणावर रागावला नाही. एवढंच म्हणाला, "उद्यापासून नाई." आणि पायल खाली मान घालून आत गेली.

आठवडाभर पायल आली नाही. तिचं पाहून आणखी दोघींच्या घरची कुरकुर सुरू झाली. बसमधल्या जागा रिकाम्या दिसू लागल्या. आमू मोजत नव्हती, पण मला तिच्या तोंडावर सगळं दिसत होतं. दरम्यान शाळेच्या फलकावर तिचा शाल पांघरलेला फोटो लागला. त्याच्याखालून ती रोज जायची, वर न बघता.

शनिवारी दुपारी मी तिच्याबरोबर गुलाबकाकाकडे गेले. मी शिक्षिका, चार शब्द नीट सांगेन, असा माझा समज होता. बोलत बोलत ऊन उतरलं, मी मुलींच्या शिक्षणाचं महत्त्व पटवत राहिले आणि तो अदबीने हो हो करत राहिला. मग त्याने कोपऱ्यातली काठी घेतली, डोक्याचा बॅटरी-दिवा घेतला, पायांत बूट चढवले. जागलीला निघाला होता. त्या भागात रब्बीचं पीक उभं राहिलं की गावातले बापे पाळीपाळीने रात्री शेतात राखण करतात, रानडुकरं हाकलायला. तिला जागली म्हणतात. थंडी असो, वाघ आलेला असो, जागली चुकत नाही.

जाता जाता तो आमूला म्हणाला, "तू जिम्मेदारी घेतं का? लिहून देतं का, का माह्या पोरीले काई होणार नाई? मंग धाडतो."

इतके दिवस तिने सगळं घेतलं होतं. डेपोच्या साहेबाने दिलेली बस घेतली, मुख्याध्यापकांनी दिलेलं नाव घेतलं, मंचावरची शालही घेतली. मला वाटलं, आता हेही घेईल.

"नाई घेत," ती म्हणाली. "मी कायले घेऊ? मी सोळा वर्साची आहो, काका. मले बी भेव लागते. फाट्यावरून येताना माहे पाय लटलट कापते, म्हणून तं वरडतो." तिने त्याच्या हातातल्या काठीकडे बोट दाखवलं. "तुमी हरभऱ्याची जागली करता. रातभर उभे राहता, डुक्कर येऊन खाईन म्हणून. अन् पोरी त्याच रस्त्यानं येते तं तुमी दारात उभे राहता. हरभऱ्याले जागली आहे, पोरीले काऊन नाई?"

 पायलची आई चुलीपुढे बसली होती, तिने हातातली फुंकणी खाली ठेवली. गुलाबकाका काठी घेऊन निघून गेला. मला वाटलं, संपलं.

सोमवारी तो फाट्यावर आला नाही, मंगळवारीही नाही. त्यानंतर एका संध्याकाळी बस उशिरा सुटली आणि फाट्याजवळ आली तर रस्त्याच्या कडेला दिवा दिसला. त्या दिवशी पुढच्या एका गावात मयत होती म्हणून मी हिंगणीला न उतरता बसने पुढे चालले होते, त्यामुळे हे डोळ्यांनी पाहिलं. गुलाबकाका काठी घेऊन उभा होता आणि त्याच्या शेजारी पायल. ती शाळेत गेलीच नव्हती. बापाला फाटा दाखवायला आली होती म्हणे, जणू त्याला तो माहीत नव्हता. "उद्यापासून ही येईन," तो आमूला म्हणाला, दुसरीकडे बघत. आणि चालू लागला. आमूने मागून हाक दिली, "ओ काका, बाकीच्याइले कोन नेईन? हळू चाला." तो थांबला.

मग बापांच्या पाळ्या लागल्या. जागलीसारख्याच. कुणाचा सोमवार, कुणाचा मंगळवार. सगळे आले असं नाही, दोघे-तिघे अजूनही दारातच उभे राहतात. महिन्याभराने वर्तमानपत्रात बातमी आली, "ग्रामस्थांचा अभिनव उपक्रम". आपल्या लेकींना फाट्यावरून घरी आणणं हा उपक्रम आणि तोही अभिनव! फोटोत बापे काठ्या घेऊन छाती काढून उभे होते. आमू फोटोत नव्हती. बस वेळेवर का येत नाही याबद्दल बातमीत चकार शब्द नव्हता आणि ती आजही वेळेवर येत नाही.

दहावीची परीक्षा झाली की आमू पुढच्या शिक्षणाला हिंगणघाटला मावशीकडे जाणार होती आणि गेलीही. मी तिला शेवटचं पाहिलं ते तिच्या शेवटच्या पेपरच्या दिवशी, संध्याकाळच्या बसमध्ये. पेपर दुपारीच सुटला होता, पण ती मुलींसाठी थांबली होती. बस नेहमीप्रमाणे उशिरा सुटली. मी बसले तिच्या मागच्या बाकावर. सेलू सुटलं आणि थोड्याच वेळात तिचं डोकं पायलच्या खांद्यावर कलंडलं. तोंड उघडं, हात पालथे मांडीवर, बोटांना निळी शाई. गाढ झोपली होती. पायल अंग चोरून अगदी ताठ बसली होती.

माझा फोन वाजला. कुठल्याशा मंडळाचे गृहस्थ होते. मुलींचा मेळावा घेत होते, आम्रपालीने येऊन दोन शब्द सांगावेत अशी इच्छा होती, जाण्यायेण्याचं आम्ही बघू म्हणाले. "ती जवळ असेल तर द्या ना फोन."

"ती झोपली आहे," मी म्हणाले.

"आत्ता? संध्याकाळची?"

"हो."

"मग उठवा ना, मॅडम. दोन मिनिटांचं तर काम आहे."

मी फोन बंद केला. हिंगणी जवळ आली होती. कंडक्टरने घंटेच्या दोरीकडे हात नेला, तेव्हा मी खुणेनेच नको म्हटलं. तो पुढे जाऊन ड्रायव्हरच्या कानाशी काहीतरी बोलला, गाडी हळूच थांबली आणि मी उतरले.